नऊ दिवसांची मुलगी घरी आहे आणि आम्हाला काहीच येत नाही

खाडीकाठ

आमची मुलगी आज नऊ दिवसांची झाली. गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या अलीकडच्या काठावर धोपाव्याजवळ आमचे घर आहे. घरात मी, पत्नी आणि माझी आई असतो. आईचे वय ७४ असून गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडल्यापासून ती काठीच्या आधाराने जेमतेम न्हाणीपर्यंत जाते. पत्नीची आई दोन वर्षांपूर्वी वारली, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रश्नच उरला नाही. जे काही करायचे ते आम्हा दोघांनाच करायचे आहे, आणि आम्ही दोघांनीही याआधी इतके लहान मूल कधी हातात घेतलेले नाही.

प्रसूती सरळ झाली. जन्माचे वजन २ किलो ७५० ग्रॅम होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना पुढच्या लसीची तारीख लिहिलेला कागद हातात दिला, 'दर दोन तासांनी पाजा' एवढे सांगितले आणि पुढच्या खाटेकडे वळले. रिक्षात बसेपर्यंत मला वाटत होते की कोणीतरी मागून हाक मारील आणि राहिलेले सगळे सांगेल.

परवा सकाळी आम्ही पहिल्यांदाच बाळाला अंघोळ घातली. पत्नीने पाटावर पाय पसरून बाळाला पोटऱ्यांवर पालथे घेतले, मी तांब्याने पाणी घालत होतो आणि आई दाराशी बसून सांगत होती. अंगाला खोबरेल तेल चोळलेले असल्यामुळे बाळ निसरडे झाले होते. तिने अचानक अंग ताणले आणि ती डावीकडे सरकली. पत्नीने तिला दंडाला घट्ट धरले, म्हणून ती फरशीवर पडली नाही. मात्र त्या इवल्याशा दंडावर चार बोटांचे लाल वळ उमटले, ते अर्ध्या तासाने गेले. तेव्हापासून पत्नी अंघोळ घालायला तयार नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

शंका पुष्कळ आहेत. दूध पुरते आहे की नाही हे कसे ओळखायचे? संध्याकाळी ती तास-तास रडते आणि सारखी छाती शोधते, तेव्हा शेजारच्या काकू म्हणतात की दूध कमी आहे, वरचे सुरू करा आणि गुटी द्या. चौथ्या दिवसापासून चेहरा पिवळसर दिसत होता, आता कमी वाटतो. तिच्या छातीवर दोन्ही बाजूंना लहान गाठीसारखी सूज आहे, ती दाबून काढावी लागते असे कोणी सांगितले. पावसामुळे लंगोट वाळत नाहीत. आणि दिवेलागणीला बाळ रडू लागले की पत्नीही रडते, कारण विचारले तर तिला सांगता येत नाही. माझी रजा आणखी पाच दिवसांनी संपते. येथे जाणते लोक आहेत म्हणून सविस्तर लिहिले.

बकुळ

सर्वप्रथम तुम्हा दोघांचे अभिनंदन. बाकीचे जाणकार सांगतीलच, पण छातीची ती सूज कृपा करून कोणालाही दाबू देऊ नका. माझ्या भाचीच्या बाबतीत घरातल्यांनी ती दाबली, तेथे पू झाला आणि दहा दिवसांच्या मुलीला चिरा द्यावा लागला. ती सूज आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे असते आणि काही आठवड्यांत आपोआप जाते.

सुरंगी

मी रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३१ वर्षे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. तुमचे लिखाण वाचून सगळ्यात आधी हे सांगते की येत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. आमच्या लहानपणी घरात सतत कोणाचे ना कोणाचे तान्हे असे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्याही कडेवर भावंड असे. हाताला सवय तिथूनच लागत होती. आता पहिले बाळ पाहायचे तेच आपले स्वतःचे, अशी गत आहे. शिकवले तर हे काम कोणालाही येते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतील साध्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच कामाच्या आधाराने २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळ पाहतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी येणे अपेक्षित असते. तुमच्याकडे आल्या नसतील तर उपकेंद्रात आजच निरोप द्या. त्यांच्याजवळ झोळीचा वजनकाटा आणि थर्मामीटर असतो.

आता दुधाचे. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नका, लंगोटांवरून बांधा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा भरपूर, फिकट रंगाची लघवी होत असेल आणि शी काळ्या-हिरव्या रंगावरून पिवळ्या रंगावर आली असेल, तर दूध पोटात जाते आहे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन घटते. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट आम्ही लक्ष ठेवून स्वीकारतो, आणि दहा ते चौदा दिवसांत ते वजन भरून यायला हवे. त्यानंतर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. संध्याकाळी बाळ पुन्हा पुन्हा छाती मागते हे नेहमीचे आहे. बाळ जितके ओढील तितके दूध तयार होते, आणि अशा वेळी वरचे दूध दिले तर ते ओढणे कमी होऊन खरोखरच दूध आटू लागते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे तर अजिबात टाळू नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक असते.

तुमच्या पत्नीला पाजताना दुखते का, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. विचारून पाहा. बहुतेक वेळा बाळ फक्त बोंड तोंडात धरते आणि दुखण्याचे मूळ तेच असते. बाळाने तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडेपर्यंत थांबावे, मग बाळाला छातीकडे आणावे. छाती बाळाकडे वाकवू नये. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि भोवतालचा काळा भाग खालच्या बाजूने अधिक तोंडात गेलेला, अशी पकड बसली की दोन-तीन दिवसांत दुखणे कमी होते. पाठीमागे उशी घेऊन बसायला सांगा. मी कित्येक घरांत पाहिले आहे की बाळंतीण कमान करून अधांतरी बसते आणि मग तिला पाजणेच नकोसे होते.

पिवळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसून चौथ्या-पाचव्या दिवशी वाढला आणि मग उतरू लागला, तर बहुधा तो शारीरिक कावीळ या साध्या प्रकारचा असतो. तरीही घरचा अंदाज पुरेसा नाही. पिवळेपणा नाकाच्या शेंड्यावर हलके दाबून दिवसाच्या उजेडात पाहावा. तळहात-तळपायांपर्यंत तो पोचला, बाळ सुस्त होऊन दूध सोडू लागले किंवा दोन आठवडे उलटूनही तो गेला नाही, तर दाखवायला वेळ लावू नका. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ तर केव्हाही धोक्याचीच. उन्हात धरणे हा कावीळीचा उपचार नव्हे, आणि आपल्याकडे आता ऊन आहे तरी कुठे! गरज असेल तर दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. शी पांढरट किंवा मातकट, खडूसारखी होऊ लागली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण तो पित्तनलिकेच्या दोषाचा इशारा असू शकतो.

आता ज्या खुणा दिसल्यावर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, त्या सांगते. बाळाने दूध पिणे सोडले, उठवूनही नीट जागे होत नाही, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजले आणि श्वास ६० किंवा अधिक भरले, पुन्हा मोजले तरी तितकेच भरले, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जातो, झटके येतात, ओठ निळसर होतात, बेंबीतून पू येतो आणि भोवतालची कातडी लाल होते, किंवा अंगात १०० पूर्णांक ४ दशांश अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आहे. उलट अंग गार पडणे हेही तितकेच वाईट असते. हाताची पाठ आधी पोटाला आणि मग तळपायाला लावावी. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य असते. तुमच्याकडे रात्री उशिरा फेरी बोट मिळणार नाही, म्हणून खाडीपलीकडच्या दापोलीचा विचार न करता चिपळूणचा रस्ता धरायचा हे आताच ठरवून ठेवा, आणि गावात ज्यांच्याकडे गाडी आहे अशा दोघांना तसे सांगून ठेवा. पावसात झाड पडून रस्ता अडला तर त्या वेळी विचार करायला सवड मिळत नाही.

शिंका, उचक्या, झोपेत दचकून दोन्ही हात पसरणे, नाकावरचे पांढरे ठिपके, मुलींना पहिल्या आठवड्यात लंगोटावर दिसणारा किंचित रक्ताचा डाग, पाजल्यावर थोडेसे दूध बाहेर येणे, या सगळ्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

अंघोळीचे उत्तर सोपे आहे. नाळ पडेपर्यंत घालू नका. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने अंग पुसले की पुरते. नाळेवर हळद, तेल, राख, काहीही लावायचे नाही. कोरडी ठेवायची आणि लंगोट तिच्या खाली दुमडायचा.

बकुळ

लंगोटांविषयी मी लिहिते, कारण आमचे दोन्ही मुलगे आषाढातले आहेत आणि मालवणचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. आम्ही जुन्या सुती साड्यांचे आणि धोतरांचे चोवीस लंगोट फाडून ठेवले होते. तेवढे लागतातच. जाड शिवलेले लंगोट पावसात दोन दिवस ओले राहतात, म्हणून एकपदरी कापड घ्यावे आणि वापरताना घडी करावी. लघवीचा लंगोटही नुसता वाळत टाकू नये, साध्या पाण्यातून काढून पिळावा. पडवीत दोरी बांधली तर वाऱ्यासोबत पाण्याचे तुषार येतात. आम्ही माजघरात पंख्याखाली आडवी काठी टांगून त्यावर कपडे घालत असू आणि उरलेला दमटपणा इस्त्रीने काढत असू. इस्त्रीमुळे कुबट वासही जातो. वीज गेली की मात्र सगळे अडते, म्हणून दहा इस्त्री केलेले लंगोट पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवावेत. दमट लंगोटामुळे जांघेत पुरळ आले तर दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास लंगोट न बांधता, खाली प्लास्टिक आणि वर दुपटे घालून ठेवावे. हवा लागली की फार लवकर फरक पडतो.

पावसात घरात काय शिरेल याचा नेम नसतो. बाळाचे अंथरूण जमिनीवर घालू नका, दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा आणि दुपटे प्रत्येक वेळी झटकून मगच वापरा.

ओटीवरची आजी

मी आरोग्यसेविका नाही. वेंगुर्ल्याकडे राहते, वय ७१ आहे, चार मुले आणि सहा नातवंडे या हातांनी न्हाऊ घातली आहेत. हल्ली जिकडेतिकडे गुटी, धुरी, तेल सगळे बंद करा असे वाचून वाईट वाटते, म्हणून लिहिते. आमच्या सासूबाई सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा यांचे मोजून वेढे घेत असत. कोणत्या दिवशी कशाचा एक आणि कशाचे दोन, हे बाळाची शी पाहून त्या ठरवत. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली की बाळ तीन-तीन तास झोपत असे. पावसाळ्यात खोली कोरडी राही आणि चिलटे येत नसत. या बायका अडाणी नव्हत्या. त्यांचे सगळेच चूक होते असे मानायचे असेल, तर आम्ही सुनांना आणि लेकींना सांगायचे तरी काय?

सुरंगी

आजी, तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण हाच प्रश्न मला नोकरीत प्रत्येक घरात विचारला जाई आणि घाईत मी त्याचे नीट उत्तर कधी देऊ शकले नाही.

तुमच्या सासूबाई अडाणी होत्या असे मी कधीच म्हणणार नाही. शी पाहून निर्णय घेणे हे तर मी वर सांगितले तेच आहे. पण त्यांच्या हाताला जे माप ठाऊक होते ते आज बाजारातून गुटीचे पाकीट आणणाऱ्याला ठाऊक नाही. जायफळ जास्त उगाळले गेले की बाळ गुंगीत जाते, आणि घरच्यांना वाटते की शांत झोपले. गुंगीत बाळ दूध ओढत नाही. मी अशी बाळे पाहिली आहेत. सहाण, उगाळायचे पाणी आणि चाटवणारे बोट यांतून जंतू जातात ते वेगळेच. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, आणि मध तर पहिल्या वर्षात मुळीच नको. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध दिले असेल तर तेवढेच द्यायचे.

धुरीचेही तसेच. जुन्या घरांना कौले होती, धूर वर निघून जाई. आता स्लॅबच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, तो कळत नाही आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. ओव्याचा धूर बाळाच्या फुफ्फुसांना सोसवत नाही. खोली उबदार आणि कोरडी हवी हा तुमचा हेतू शंभर टक्के बरोबर आहे. तो दारे-खिडक्यांच्या फटी बुजवून, बाळाला टोपडे-मोजे घालून आणि छातीशी धरून साधता येतो.

आणि लेकी-सुनांना सांगायचे किती तरी आहे, आजी. हलक्या हाताने तेल लावणे चांगलेच आहे. फक्त नाक-कानांत आणि टाळूच्या खड्ड्यात तेल ओतायचे नाही आणि अंग ओढून-ताणून मुरडायचे नाही. सव्वा महिना बाळंतिणीला चुलीपासून आणि विहिरीपासून दूर ठेवणे, तिला गरम जेवण वेळेवर हातात देणे, आणि बाळ रडले की 'आण इकडे' म्हणणारे माणूस घरात असणे, यांची बरोबरी मी वाटत असे त्या कोणत्याही गोळीने केली नाही. खाडीकाठ यांच्या घरात नेमके तेच माणूस नाही.

गलबत

मी हर्णैचा, घरचा धंदा मासेमारीचा. पुरुषाने बाळ कसे सांभाळायचे याविषयी दोन शब्द लिहितो. आमचा मुलगा साडेआठ महिन्यांच्या आतच झाला, वजन १ किलो ८५० ग्रॅम. अकरा दिवस नवजात बालकांच्या विशेष कक्षात होता. तेथील परिचारिकेने माझ्या बायकोला बाळ उघड्या छातीवर ठेवायला शिकवले आणि एके दिवशी मला म्हणाली, 'तुम्हीपण सदरा काढा.' मी लाजलो. सहा फूट उंचीचा, बोटीवर काम करणारा माणूस, मला कोणी असे कधी सांगितले नव्हते.

बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीच्या मध्यभागी उभे धरायचे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली म्हणजे श्वास मोकळा राहतो, आणि वरून सुती कापड घट्ट गुंडाळायचे. कोलंबियात बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून तेथील डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, असे आम्हाला सांगितले होते. तो पहिल्यांदा माझ्या छातीवर आला तेव्हा त्याचे काळीज माझ्या हाडावर टिकटिकत होते, आणि माझा श्वास जसा हळू झाला तसा त्याचाही झाला. मासेमारी बंदीचे दिवस होते, मी घरीच होतो. जून आणि जुलै दोन्ही महिने दुपारचे चार तास तो माझ्याकडे आणि बायको झोपलेली, असा नेम ठेवला.

तुमच्या बाळाचे वजन चांगले आहे, तरीही तुम्ही हे करू शकता. पाजणे सोडून बाकी सगळे बापाला करता येते. रात्री लंगोट बदलायचा, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि मग पाठीवर झोपवायचे, पालथे नाही. एवढे रोज केलेत की महिनाभरात तुमचा हात बसेल. आणि रडणे सहन होईनासे झाले तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे अंगणात जा; रागाने कधीही हलवू नका, त्याने डोक्यात रक्तस्राव होतो.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवले, आईनेही ऐकले. आशाताई आज येऊन गेल्या. मागच्या आठवड्यात आमच्या वाडीकडचा साकव पाण्याखाली असल्याने त्यांना येता आले नव्हते. वजन २ किलो ६४० ग्रॅम भरले. काल दिवसभरात सात ओले लंगोट मोजले. पत्नीला पाजताना दुखत होतेच, तिने मला सांगितले नव्हते. सुरंगीताईंनी लिहिल्याप्रमाणे पाठीला उशी दिली आणि मी बाजूला बसून बाळाने तोंड मोठे उघडले की 'आता' असे म्हणत होतो. तिसऱ्या प्रयत्नाला नीट जमले. शेजारच्या काकूंना सौम्यपणे सांगितले की सध्या काहीच वरचे द्यायचे नाही. त्या रागावल्या नाहीत, उलट कुळथाची पिठी घेऊन आल्या.

पत्नीच्या रडण्याविषयी मात्र कोणी लिहिले नाही. मला त्याचीच अधिक काळजी आहे.

अबोली

मी सावंतवाडीला शिक्षिका आहे. तुमच्या शेवटच्या ओळीसाठी लिहिते आहे, कारण त्या जागी मी होते.

माझ्या मुलाच्या वेळी मीही दिवेलागणीला रडत असे. घर भरलेले होते, आई होती, सासूबाई होत्या, बारशाची तयारी चालली होती आणि मला वाटे की मी या बाळाची आई म्हणून निवडली गेले हीच चूक झाली. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. 'एवढे गोजिरवाणे बाळ, आणि रडतेस काय' असे म्हटले की तोंड बंद होते. प्रसूतीनंतर संप्रेरके एकाएकी उतरतात, झोप तुटलेली असते, अंग दुखत असते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असे रडू येणे पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते ओसरते. माझे ओसरले नाही. दीड महिन्यानंतर बाळ झोपलेले असतानाही मला झोप येईना, जेवण उतरेना. नवऱ्याने मला डॉक्टरांकडे नेले. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे मला तेव्हा समजले. पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे असतात. मी बरी झाले.

म्हणून तुम्ही दिवस मोजा. चौदा दिवसांनंतरही रडणे चालू राहिले, किंवा ती बाळाकडे पाहीनाशी झाली, तर दाखवा. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावेसे वाटते असे तिने एकदा जरी म्हटले, किंवा ती भलतेच काही ऐकू येते असे सांगू लागली, तर त्याच दिवशी निघा, तिला एकटी ठेवू नका. १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते.

तोवर घरी काय करता येईल? तिला सलग चार तास झोप मिळू द्या. पाजून झाले की बाळ तुमच्याकडे. संध्याकाळी त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढून ओटीवर बसवा, पाऊस पाहू द्या. लाल तांदळाची पेज, शेवग्याच्या पाल्याची भाजी, नारळाच्या दुधातली हळिवाची खीर हे चालेल तितके द्या. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम. आपल्याकडे बाळंतिणीला मोरी (शार्क मासा) देण्याची पद्धत आहे, पण मोठ्या माशांत पारा साठतो म्हणून ती वारंवार देऊ नये. आणि तिला तिच्या आईविषयी बोलू द्या. पहिल्या बाळंतपणात आई नसणे ही लहान गोष्ट नाही. ती कदाचित त्यासाठीच रडत असेल.

ओटीवरची आजी

अबोली, तुझे वाचून डोळे भरले. आमच्या वेळी याला 'बाहेरचे' म्हणत आणि दृष्ट काढत. माझ्या धाकट्या जावेचे असेच झाले होते. तिला कोणी डॉक्टरकडे नेले नाही.

खाडीकाठ, नात्यातली एखादी मावशी, आत्या, चुलती कोणी असेल तर संकोच न करता महिनाभर बोलावून घ्या. आम्हाला बोलावलेले आवडते.

खाडीकाठ

आज एकविसावा दिवस. आजींचा प्रतिसाद वाचल्यावर वेळणेश्वरहून माझ्या मावशीला आणले. अबोलीताई, तुमचे लिहिणे पत्नीने स्वतः वाचले. त्या रात्री ती तिच्या आईविषयी बराच वेळ बोलली. चौदाव्या दिवसापर्यंत रडणे पुष्कळ कमी झाले होते, आता ती संध्याकाळी ओटीवर बसते. तरीही मी दिवस मोजणे थांबवलेले नाही.

नाळ अकराव्या दिवशी पडली. त्यानंतर तीन दिवसांनी मावशीने आम्हाला अंघोळ शिकवली. तेल आधी कापडाने टिपून घेतले. पाणी कोपर बुडवून पाहिले. मग तिने बाळाला उताणे घेतले, डावा हात मानेखालून पलीकडे नेला आणि बाळाच्या पलीकडच्या काखेत अंगठा व तर्जनीचे कडे केले. त्या कड्यात दंड सैल राहतो, पण बाळ कितीही ताणले तरी सुटत नाही. मावशीने दोनदा दाखवले, तिसऱ्यांदा पत्नीला करायला लावले आणि चौथ्या दिवशी मला. माझा हात थरथरत होता, पण कडे सुटले नाही. आशाताईंनी आज वजन केले, ते २ किलो ९६० ग्रॅम आहे. नोकरीवर रुजू झाल्यापासून संध्याकाळी सात ते अकरा ती माझ्या छातीवर असते.

आता पुढचा प्रश्न. सहाव्या आठवड्याच्या लसीनंतर ताप येतो असे ऐकतो. त्यासाठी औषध आधीच देऊन ठेवावे काय?

सुरंगी

वजन वाचून फार आनंद झाला. ताप येण्याआधी औषध देऊ नका. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो आणि मांडीला सूज राहू शकते. त्या जागेवर चोळायचे किंवा शेकायचे नाही, ओल्या कापडाची घडी ठेवली तर चालते. पॅरासिटामॉलचे माप वजनावर ठरते, म्हणून त्या दिवशी केंद्रावर आधी वजन करून घ्या, किती थेंब आणि किती तासांनी हे तेथेच लिहून घ्या, आणि घरात जी बाटली आहे ती सोबत नेऊन दाखवा, कारण वेगवेगळ्या बाटल्यांत औषधाची तीव्रता वेगवेगळी असते. बाळ दूध पीत नसेल, फार सुस्त असेल किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर तो लसीचा आहे असे समजून घरी थांबू नका.